गिअरची की बिनगिअरची

मोटरसायकल घ्यायची असं कुसाकाबे शिगेनोबु यांनी ठरवलं, तेव्हा अवघड काम उरकलं असा त्यांचा समज झाला होता. ओकाया शहराच्या पाणीपुरवठा खात्यात उपविभागप्रमुख असलेला, पन्नाशी ओलांडलेला आणि जिना उतरताना गुडघ्यांचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस एकदा मनाशी "घ्यायची" म्हणतो, त्यातच त्याचं बरंचसं धैर्य खर्च होतं. पुढे राहतं ते काय? दुकानात जायचं, बोट दाखवायचं आणि होक्काइदोचा नकाशा उघडून बसायचं. जपानच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, सोया भूशिरावर, समुद्राकडे तोंड करून आपली गाडी उभी आहे आणि शेजारी आपण हेल्मेट काखेत धरून उभे आहोत, हे चित्र कुसाकाबेंच्या डोक्यात कॉलेजपासून होतं. त्या चित्रात वारा सुटलेला असे आणि त्यांचे केस आजच्यापेक्षा दाट असत.

गाडीही ठरलेली होती. लांबच्या प्रवासाची, उंच, दगडाधोंड्यांतून जाणारी, पुढे पक्ष्यासारखी चोच असलेली. मोमोसे यांच्या दुकानाच्या काचेआडून कुसाकाबेंनी ती सबंध हिवाळाभर पाहिली होती. चेरीचा बहर ओसरल्यावर एका शनिवारी ते आत शिरले आणि म्हणाले, "ही."

मोमोसेंनी हात पुसले. "ही म्हणजे गिअरची, की बिनगिअरची?"

कुसाकाबेंनी गाडीकडे पाहिलं. शेजारी तशीच दुसरी उभी होती. तीच चोच, तीच टाकी, तोच लाल रंग. फरक एवढाच की एकीच्या डाव्या मुठीला क्लच होता आणि दुसरीची डावी मूठ मोकळी होती.

"ही आपले गिअर आपणच बदलते," मोमोसे म्हणाले. "तुम्ही नुसतं बसायचं. आणि हिचे तुम्ही बदलायचे."

"चांगली कोणती?"

"दोन्ही चांगल्या आहेत."

दुकानदाराने गिऱ्हाइकाला याहून क्रूर काही सांगू नये. एक वाईट असती तर कुसाकाबे दुसरी घेऊन घरी गेले असते आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

"दोन्ही एकेकच उरल्यात," मोमोसे पुढे म्हणाले. "पावसाळ्यापर्यंत ठेवतो तुमच्यासाठी. लायसन्स कोणतं आहे?"

लायसन्स कॉलेजातलं होतं, मधल्या आकाराच्या गाड्यांचं. फोटोतला माणूस दर नूतनीकरणाला म्हातारा होत गेला होता, पण गाडीचा आकार तेवढाच राहिला होता.

"मग मोठ्या गाडीचं काढावं लागेल. गिअरचं काढलंत तर दोन्ही चालवता येतील. बिनगिअरचं काढलंत तर फक्त बिनगिअरचीच."

म्हणजे गाडी ठरल्याशिवाय लायसन्स ठरत नव्हतं, आणि लायसन्स असल्याशिवाय गाडी चालवून बघता येत नव्हती. कुसाकाबेंना हे ओळखीचं वाटलं. त्यांच्या खात्यात एका रस्त्याखालची जलवाहिनी नेमक्या याच कारणाने अनेक वर्षं जमिनीवर पडून होती.

ड्रायव्हिंग स्कूलच्या खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कोणत्या वर्गात नाव घालू?"

"अजून गाडी ठरायची आहे."

"गाडी आमची असते."

"नाही, माझी गाडी."

"ती नंतर. इथे आमची."

"पण माझी कोणती यावर तुमची कोणती ते ठरणार ना."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग ठरवून या."

कुसाकाबेंच्या मागे कुणीतरी खाकरलं. सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य गेलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूला उभं राहून मागचं खाकरणं ऐकायची सवय नसते. ते घाईघाईने "गिअर" म्हणाले. हा निर्णय नव्हता. निर्णय पुढे ढकलायचा याहून भारदस्त मार्ग त्या क्षणी त्यांना सुचला नाही, एवढंच.

तिथल्या शिक्षिकेचं नाव नेझु, आदराने सगळे नेझु-सान म्हणत. अंगाने किरकोळ, आवाजाने मृदू. पहिल्याच दिवशी त्यांनी एक अवाढव्य गाडी आडवी पाडून ठेवली आणि म्हणाल्या, "उचला."

"ही?"

"पाडणाऱ्याला उचलता आली पाहिजे. रस्त्यात मी नसते."

कुसाकाबेंनी गाडी उचलली. त्यानंतर बराच वेळ त्यांना स्वतःला कुणी उचललं असतं तर बरं झालं असतं. पण खरं संकट होतं ते फळीचं. जमिनीपासून थोडी उंच, पावलाच्या रुंदीची एक लांबलचक फळी, आणि तिच्यावरून ती अवाढव्य गाडी हळू न्यायची. भरभर गेलात तर गुण कापले जातात. पडलात तर परीक्षा तिथेच संपते. जगात बाकी सगळीकडे माणसाला चटकन कर म्हणतात. इथे क्लच अर्धा धरून, ब्रेकला पायाने गोंजारत, जमेल तेवढा उशीर लावायचा होता. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला हे जमायला हवं होतं, पण कुसाकाबे दर वेळी मध्यावर फळीवरून उतरत.

"कुसाकाबे-सान, तुम्ही खाली बघताय," नेझु-सान म्हणत. "फळी कुठे पळून जात नाही. लांब बघा."

लांब बघितलं की भिंतीपलीकडे सुवा तलाव दिसे आणि गाडी तलावाच्या दिशेने वळे.

त्या दिवसांत कुसाकाबे आंघोळीच्या टबात बसून डाव्या हाताने स्पंज दाबत. पूर्ण दाबायचा, अर्धा सोडायचा, धरून ठेवायचा. बाहेरून बायको विचारी, "अहो, आत काय चाललंय? बेडूक आलाय का?"

"सराव," ते म्हणत.

 त्यांची बायको सुमिए मिसोच्या, म्हणजे सूपात घालायच्या सोयाबीनच्या वाटणाच्या, एका कारखान्याच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर गिऱ्हाइकांना लाल मिसो बरा की पांढरा हे सांगत असल्यामुळे घरी आल्यावर कुठल्याही दोन गोष्टींत निवड करायचा तिला कंटाळा असावा, असं कुसाकाबेंनी गृहीत धरलं होतं. म्हणून गाडीबद्दल त्यांनी तिला विचारलं नव्हतं. बाकी सगळ्यांना विचारलं होतं.

सगळ्यांत म्हणजे आधी हिराइवा. लेन्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ शेजारीच राहत. मोहल्ला समितीचे अध्यक्ष. तरुणपणी मोटरसायकलवाले. अजूनही कचरा टाकायला चामड्याचं जाकीट घालून येत. सकाळी, कावळ्यांपासून कचरा झाकायच्या जाळीपाशी त्यांनी कुसाकाबेंना गाठलं.

"गिअरची," ते म्हणाले. प्रश्न अजून विचारलाही नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मोमोसे माझा भाचेजावई. हे बघा कुसाकाबे-सान, बिनगिअरची मोटरसायकल म्हणजे हाडं काढलेला मासा. खायला सोपा, पण मासा खाल्ल्यासारखं वाटत नाही."

"हाडं घशात अडकतात," कुसाकाबे म्हणाले.

"म्हणून तर चव." हिराइवांनी कचऱ्याची पिशवी जाळीखाली सारली. "काही अडचण असेल तर समितीसमोर ठेवू."

कुसाकाबे घाबरले. हिराइवांच्या तोंडून समिती हा शब्द निघाला की त्यापुढे चहा आणि लोणचं आणि तीन पिढ्यांचे जुने हिशेब निघत.

ऑफिसात विभागप्रमुख दोइ यांचं मत नेमकं उलट होतं. "कुसाकाबे, तू वेडा आहेस का? बिनगिअरची घे. आपल्या वयात डावा हात मोकळा असलेला बरा."

"कशासाठी?"

"हात हलवायला. होक्काइदोत समोरून मोटरसायकल आली की हात हलवतात, माहीत नाही का? माझा मेहुणा गेला होता. दिवसभर हात हलवत होता. क्लच धरून बसलास तर हलवणार कसा? लोकांना वाटेल ओकायाचा माणूस माजोरडा आहे."

हा मुद्दा कुसाकाबेंच्या मनाला लागला. पाणी तोडण्याच्या नोटिशींवर रोज सह्या करूनही आजवर त्यांना कुणी माजोरडं म्हटलं नव्हतं. त्या दुपारी फायलींच्या कपाटाआड जाऊन त्यांनी क्लच सोडून हात हलवून परत क्लच धरायचा सराव केला. मागे चहा घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "कुणाला बोलावताय?"

फळीवरून ते अजूनही पडत होते. हिराइवा म्हणाले, पोट आत घ्या. दोइ म्हणाले, वर्ग बदल. नेझु-सान म्हणाल्या, लांब बघा. आणि रात्री अंथरुणावर पाठ टेकली की कुसाकाबेंना सोया भूशिराच्या जागी एक फळी दिसे. तिच्या टोकाला समुद्र असे.

एवढ्यात फिरती पाटी आली. मोहल्ल्यात नोटिसांची पाटी घरोघर फिरते, वाचून आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात ठेवायची. त्या महिन्यात गटारसफाई आणि म्हाताऱ्यांची सहल यांच्या मधे लिहिलं होतं: "कुसाकाबे-सान यांच्या नियोजित मोटरसायकलीविषयी चर्चा. रविवारी सभागृहात." पाटी कुसाकाबेंच्या घरी सगळ्यांत शेवटी आली. म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याचे शिक्के त्यांच्या भानगडीखाली पडून झाले होते.

आवाजाची तक्रार असणार, असं धरून ते गेले. दोन वेळा वाकून माफी मागायची त्यांनी तयारीही केली होती. चपला काढून आत आले तर तातामीच्या चटयांवर माणसं बसलेली, मधे नोझावानाच्या पाल्याचं लोणचं, आणि भिंतीला टेकून सुमिए. ती आधीच आली होती.

"आवाजाबद्दल," कुसाकाबेंनी वाकून सुरुवात केली, "मी आपणा सर्वांना..."

"आवाजाचं कुणी काही म्हणत नाही," हिराइवा म्हणाले. "बसा. प्रश्न असा आहे की गिअरची की बिनगिअरची."

पुढे जे झालं त्याला चर्चा म्हणणं कठीण. तांदळाच्या दुकानदाराचं म्हणणं, गिअरची, कारण बिनगिअरची बिघडली तर डोंगरात कोण दुरुस्त करणार. त्याच्या बायकोचं म्हणणं, बिनगिअरची, कारण यांनी आमची गिअरची गाडी दोनदा कालव्यात घातली आहे. त्यावर दुकानदार म्हणाला, एकदा. दुसऱ्यांदा कालव्याच्या कडेला. ती म्हणाली, पुढचं चाक कुठे होतं ते सांगा. पाठीमागे बसलेल्या आजीबाईंनी गिअर म्हणजे काय असं विचारलं आणि तिघांनी तीन तऱ्हांनी समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग सायकल का घेत नाहीत. कुसाकाबे मान खाली घालून लोणचं चावत होते. स्वतःच्या आयुष्यातली एकुलती एक धाडसाची गोष्ट अशी लोणच्याबरोबर वाटून खाल्ली जाताना पाहणं सोपं नसतं.

"हात वर करून मत घेऊ," हिराइवा म्हणाले.

तेव्हा भिंतीपाशी सुमिए म्हणाली, "मागच्या सीटबद्दल कुणी काही बोललं नाही."

सगळे तिच्याकडे वळले.

"मागे बसणारीला कोणती बरी, ते मी विचारतेय," ती म्हणाली. "हेल्मेट मी आणलंय. पण गाडीचं काही ठरेना, म्हणून पिशवीतच आहे."

"हो का," हिराइवा म्हणाले. "कुसाकाबे-सान, तुम्ही जोडीने जाताय हे बोलला नाहीत."

कुसाकाबेंनाही ते आत्ताच कळत होतं. त्यांच्या डोक्यातल्या चित्रात भूशिरावर एकच हेल्मेट होतं. सुमिए कधी "मी येऊ का" म्हणाली नव्हती. मीही येणार हे सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिच्यापुढे त्यांनी महिनाभर होक्काइदोचा नकाशा पसरला होता आणि ती त्यावर चहाचा कप ठेवताना विचारायची, इथे थंडी असेल का. त्यांना वाटलं होतं ती चौकशी करते आहे.

"अर्थात," ते म्हणाले. "जोडीनेच."

 घरी येताना कुसाकाबेंचं डोकं भणभणत होतं. चित्र बिघडलं याचं वाईट वाटतंय की काय, हे तपासायला ते आत डोकावले तर तिथे वाईट वाटायला जागाच नव्हती, सगळीकडे भीती बसली होती. आजवर पडणार होते ते एकटे. आता फळीवर मागे सुमिए बसली होती.

त्याचा परिणाम मात्र चमत्कारिक झाला. पुढच्या वेळी फळीवर चढताना त्यांना वाटलं, मागे ती आहे. खाली बघायची हिंमतच झाली नाही. फळी संपली तेव्हा नेझु-सान घड्याळ बघत म्हणाल्या, "उतरा आता. फारच उशीर लावलात. उत्तम."

परीक्षेतही फळी झाली. वळणं घ्यायच्या खांबांपैकी एकाला गाडी जराशी घासली, पण तेवढं चालतं असं नेझु-सान म्हणाल्या. लायसन्स आलं. पावसाळा तोंडावर होता आणि मोमोसे दिवसाआड फोन करत होते, बळजबरी नाही बरं का, असं म्हणून. शेवटी कुसाकाबेंनी भाड्याने गाड्या देणाऱ्या एका दुकानातून दोन्ही आणायचं ठरवलं. शनिवारी गिअरची, रविवारी बिनगिअरची, मागे सुमिए, आणि दोन्ही दिवस किरिगामिनेच्या डोंगरावरचा तोच रस्ता. शास्त्रीय पद्धत, ते म्हणाले. सुमिए हातमोजे घालत होती.

शनिवारी गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद पडली आणि सुमिएचं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर मागून ठक्कन आपटलं.

"माफ कर."

दुसऱ्या गिअरला ठक. "माफ कर." तिसऱ्याला ठक. लाल दिव्याला उतरत्या गिअरने आणखी ठक. चिनो गाव ओलांडेपर्यंत कुसाकाबेंची मान जपमाळ ओढल्यासारखी हलत होती. क्लच सोडताना प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडे, "बसलीस ना नीट?"

"बसलेय."

वळण आलं. "बसलीस ना नीट?"

"हो."

चढ आला, धुकं आलं, समोरून बस आली. "सुमिए, बसलीस ना?"

"अहो, उतरून कुठे जाणार?"

वर, डोंगराच्या माथ्यावर, खाण्यापिण्याच्या दुकानांपुढे गाड्या लावायला मोठं मैदान आहे. तिथे कुठल्याशा गावच्या म्हाताऱ्यांची सहलीची बस नुकतीच थांबली होती. कुसाकाबेंनी गाडी वळवली, थोडा उतार होता, डावा पाय टेकला, आणि जिथे जमीन असायला हवी होती तिथे ती अंमळ खाली होती. गाडी कलू लागली. वेगाने नव्हे. जत्रेतला हत्ती बसतो तशी, सगळ्यांना नीट दिसेल अशा बेताने. सुमिए मागच्या मागे उतरून उभी राहिली, पर्स सावरत. कुसाकाबे मात्र शेवटपर्यंत गाडीला सोडेनात आणि तिच्याबरोबर आडवे झाले.

बसमधली मंडळी जमली. "लागलं का?" एका आजोबांनी विचारलं.

"नाही, थांबत होतो," कुसाकाबे पडल्या पडल्या म्हणाले.

नेझु-सानांनी शिकवलेलं सगळं आठवून ते गाडीला भिडले. पण उतारावर शिकवलेलं नव्हतं. शेवटी चार आजोबा, दोन आज्या आणि बसचा ड्रायव्हर यांनी मिळून गाडी उभी केली. एका आजींनी त्यांच्या पाठीवरची माती झटकली आणि खाऊची पुडी दिली. ती घेताना कुसाकाबेंना वाटलं, आपल्याला सोया भूशिरावर नाही, बालवाडीत जायचं आहे.

 नाणी टाकायच्या यंत्रातून त्यांनी गरम मक्याच्या सूपचे दोन डबे काढले, एक सुमिएच्या हातात दिला आणि तिला नखशिखान्त पाहिलं. "लागलं नाही ना तुला? गुडघा? थंडी वाजतेय का? परत बसने जायचं असेल तर मी त्यांना विचारतो."

"सूप घ्या आधी," ती म्हणाली. "ओठ निळे पडलेत तुमचे."

रविवारी बिनगिअरची. गल्लीच्या तोंडाशी ती बंद पडली नाही. हिराइवा झाडलोट करताना हा अपमान पाहत उभे होते. गाडी नुसती निघाली, आपले गिअर आपणच बदलत, कुजबुजल्यासारखी. ठक नाही, ठिक नाही. कुसाकाबेंचे खांदे खाली आले. चिनोनंतर ते चक्क गुणगुणू लागले. चढावर त्यांनी दोन मोटारींना मागे टाकलं. धुकं नव्हतं, डोंगर हिरवागार पसरला होता आणि समोरून एक मोटरसायकल आली तेव्हा डावा हात वर गेला, आपसूक, ऐटीत. समोरच्यानेही हलवला. कुसाकाबेंना दोइंची आठवण झाली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना साहेबांबद्दल प्रेम वाटलं.

मैदानात त्यांनी गाडी अलगद उभी केली, कुठलाही आजोबा धावून आला नाही. उतरून ते कठड्यापाशी गेले. यंत्रातून कॉफी काढली. लांबवर फुजी दिसत होता. ते वारा खात, कॉफी पीत, हेल्मेट काखेत धरून उभे राहिले. बराच वेळ. मग मागे वळून पाहिलं तर सुमिए गाडीजवळ उभी होती, हेल्मेट अजून डोक्यातच, हनुवटीखालची क्लिप तिला निघत नव्हती.

संध्याकाळी जेवताना कुसाकाबे म्हणाले, "झालं. ठरलं. बिनगिअरची." इतके आठवडे छातीवर बसलेला दगड उतरल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता. "शांतपणे विचार केला तर प्रश्नच उरत नाही. सुरक्षित, सोपी, हात मोकळा. मुख्य म्हणजे तुझ्या दृष्टीने."

सुमिएने त्यांच्या वाटीत मिसो सूप वाढलं. "माझ्या दृष्टीने गिअरची."

"तुला काल एवढे ठोके बसले."

"बसले."

"मी पाडली तुला."

"मी उतरले. पडलात तुम्ही."

कुसाकाबेंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "मग? आज काय कमी होतं?"

"काल तुम्ही प्रत्येक वळणाला विचारत होतात, बसलीस ना नीट म्हणून," ती म्हणाली. "आज एकदाही नाही."

"आज विचारायची गरजच नव्हती. गाडीच इतकी..."

"कॉफीही एकच आणलीत."

स्वयंपाकघरात भाताच्या कुकरने काम संपल्याची धून वाजवली. सुमिएने उठून भात आणला.

"मी रागावलेली नाही," सुमिए म्हणाली. "छान दिसत होतात तिथे उभे. पण एवढ्या लांब जायचं तर मला गिअरचीच बरी. तुम्ही घाबरलेले असलात की मी मागे आहे हे तुमच्या लक्षात असतं."

कुसाकाबेंनी पुष्कळ युक्तिवाद शोधले. पाणीपुरवठा खात्यात नागरिकांच्या तक्रारींना उत्तरं देऊन देऊन त्यांच्याकडे तयार वाक्यांचा साठा होता. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, हे त्यातलं सर्वांत उपयोगी. ते जिभेवर आलंही. पण त्यांनी सूप प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी मोमोसेंना फोन केला.

हिराइवांनी हा स्वतःचा विजय मानला आणि फिरत्या पाटीवर तसं जाहीर केलं. दोइ म्हणाले, बघ, हात हलवता येणार नाही. खरं कारण कुसाकाबेंनी कुणालाच सांगितलं नाही. भित्रेपणाच्या जोरावर गाडी निवडली असं सांगायला फार मोठं शौर्य लागतं.

जुलैच्या अखेरीला ते निघाले. होक्काइदोचं जहाज सुटतं त्या निइगाताच्या बंदरापर्यंत ठक आणि माफ कर यांची संख्या बरीच कमी झाली होती. सगळी भीती त्यांनी जहाजात चढायच्या रॅम्पसाठी राखून ठेवली होती. जोडीने चढायचं कसं, याचा सराव त्यांनी मोहल्ल्यातल्या देवळाच्या चढावर करून ठेवला होता. आणि रांगेत उभे असताना एक कर्मचारी येऊन म्हणाला, "मागे बसणाऱ्यांनी पायी जायचं. प्रवाशांच्या दाराने."

"पण आम्ही बरोबर आहोत," कुसाकाबे म्हणाले.

"वर भेटाल."

सुमिए उतरली, पर्स सावरली, "सावकाश या" म्हणाली आणि कर्मचाऱ्याने दाखवलेल्या दिशेने चालू लागली. तिची पाठ गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत कुसाकाबे बघत राहिले. मागची सीट हलकी झाली होती आणि गाडी कशी कोण जाणे जास्तच जड वाटत होती. आजूबाजूला सगळे एकटे, दाढीवाले, उन्हात रापलेले, त्यांच्या डोक्यातल्या जुन्या चित्रातून उतरून आल्यासारखे. पुढची एक बिनगिअरची न कुरकुरता वर गेली. मग शिट्टी वाजली आणि इशारे करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातातली काठी त्यांच्याकडे वळली.

पोलादी रॅम्प ओला होता, चढा होता, आडव्या पट्ट्यांचा होता. कुसाकाबेंनी पहिला गिअर टाकला, क्लच अर्धा सोडला, लांब बघितलं आणि म्हणाले, "बसलीस ना नीट?"

रॅम्पच्या तोंडाशी पिवळं हेल्मेट घालून उभा असलेला माणूस चमकला. "कोण, मी?"

"नाही, नाही."

"मी उभाच असतो," तो म्हणाला. "या तुम्ही."

कुसाकाबे गेले. ठेचकाळत, पण गेले. जहाजाच्या पोटात कर्मचाऱ्यांनी गाडी दोरांनी बांधली, आणि ते घामाने भिजलेले, हेल्मेट काखेत, लोखंडी जिना चढून वर आले. सुमिए खिडकीजवळची जागा धरून बसली होती. तिथून रॅम्प सबंध दिसत होता.

"छान चढलात," ती म्हणाली. "पण त्या पिवळ्या टोपीवाल्याशी मधेच काय बोलत होतात?"

"काही नाही. रस्ता विचारत होतो."

सुमिएने खिडकीबाहेर पाहिलं. "एकच तर होता," ती म्हणाली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.